शाळकरी रग्बी आणि निवडीतला न्याय

जुलै महिन्यात आपल्याकडे पावसाची झड लागलेली असते, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत ऐन हिवाळा असतो. शाळांना सुटी लागलेली असते आणि रग्बीचा हंगाम भरात आलेला असतो. त्या सुमारास तेथे दरवर्षी ‘क्रेव्हन सप्ताह’ नावाचा एक मेळावा भरतो. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून अठरा वर्षांखालील शाळकरी मुलांचे संघ एका गावी जमतात आणि आठवडाभर एकमेकांशी रग्बीचे सामने खेळतात. सामने पाहण्यास मुलांचे आईबाप येतात, शिक्षक येतात, जुने खेळाडू येतात. मैदानाच्या कडेला हातात वही घेतलेली आणखीही काही माणसे उभी असतात. ती व्यावसायिक संघांनी धाडलेली असतात. उद्याचा खेळाडू आजच हेरावा आणि त्याच्याशी करार करून ठेवावा, हे त्यांचे काम. सप्ताहातील खेळ पाहून शाळकरी मुलांचा राष्ट्रीय संघही निवडला जातो.

हा थाट पाहताना एक गोष्ट दृष्टीआड राहते. मैदानावर दिसणारी मुले ही निवडलेली मुले असतात. त्यांच्यातील एकेकामागे न निवडलेली कितीतरी मुले उभी असतात. त्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत तर ती निवडली गेली नाहीत असेही म्हणवत नाही. कारण निवडणाराने त्यांना कधी पाहिलेलेच नसते. प्रातिनिधिक संघाच्या निवडीत न्याय कोणता आणि अन्याय कोणता याचा विचार करावयाचा, तर तो या न दिसणाऱ्या मुलांपासूनच आरंभावा लागतो.

रग्बीचा खेळ मराठी श्रोत्यांच्या विशेष परिचयाचा नाही, म्हणून त्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो. तो हातात घेऊन धावावयाचे आणि प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवावयाचा, की ‘ट्राय’ झाला. चेंडू पुढे धावून नेता येतो, पायाने पुढे मारता येतो. परंतु हाताने पुढे फेकता येत नाही. आपल्या गड्याकडे फेकावयाचा तर तो आडवा किंवा मागेच फेकला पाहिजे. चेंडू नेणाराला प्रतिपक्षाने धरून खाली पाडावे, हा नियमच आहे. कबड्डीतली पकड ज्याने पाहिली आहे, त्याला या झटापटीची थोडीशी कल्पना येईल. आठ गडी आघाडीचे. ते अंगाने थोराड असतात आणि एकमेकांत खांदे अडकवून प्रतिपक्षाला रेटतात. उरलेले सात पिछाडीचे. ते चपळ असतात आणि मिळालेला चेंडू घेऊन पळतात.

या रचनेमुळे रग्बीत सर्व प्रकारच्या मुलांना जागा आहे, असे या खेळाचे चाहते अभिमानाने सांगतात, आणि ते खोटे नाही. जाड्या मुलाला येथे काम आहे, सडपातळालाही आहे. उंचाला आहे, बुटक्यालाही आहे. परंतु ज्या गुणामुळे हा खेळ सर्वांचा होतो, त्याच गुणामुळे त्यातली निवड अवघड होऊन बसते. शंभर मीटरच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते. रग्बीत घड्याळ नाही. कडेने धावणारा विंग कितीही वेगवान असो. त्याच्या संघाची आघाडी दुबळी असेल तर त्याच्या हाती चेंडूच येत नाही, आणि सामनाभर तो कडेला उभा राहून घरी जातो. उलट बलाढ्य शाळेचा विंग साधारण असला तरी आयता चेंडू मिळून दोन-तीन ट्राय करतो आणि वहीत त्याचे नाव लिहिले जाते. एकूण निकाल माणसाच्या डोळ्याने द्यावयाचा असतो, आणि माणसाचा डोळा ज्याची त्याला सवय असते तेच आधी पाहतो.

आता क्रेव्हन सप्ताहाचा इतिहास पाहू. दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी मंडळाची स्थापना १८८९ साली झाली. १९६४ मध्ये त्याला पंचाहत्तर वर्षे होत होती. हा उत्सव कसा साजरा करावा याचा विचार चालला असता पीट मलान या माजी राष्ट्रीय खेळाडूने शाळकरी मुलांच्या मेळाव्याची कल्पना मांडली. मंडळाचे अध्यक्ष डॅनी क्रेव्हन यांनी ती उचलून धरली. क्रेव्हन हे स्वतः नामांकित खेळाडू आणि स्टेलेनबॉश येथील नाणावलेले प्रशिक्षक. १९५६ पासून मंडळाची धुरा त्यांच्याकडे होती. ईस्ट लंडन या बंदराच्या शहरी पहिला सप्ताह भरला आणि त्यात पंधरा संघ उतरले. मुलांनी एकत्र यावे, मोकळेपणाने खेळावे, ओळखीपाळखी कराव्यात, एवढाच मूळ हेतू. म्हणून या सप्ताहात अधिकृत विजेता ठरवावयाचा नाही असा दंडक पडला. पुढे १९७४ पासून शाळकरी मुलांचा राष्ट्रीय संघ निवडला जाऊ लागला आणि मेळाव्याला परीक्षेचे रूप आले.

परंतु ‘शाळकरी मुले’ हे शब्द ज्या वेळी उच्चारले गेले, त्या वेळी त्यांचा अर्थ ‘गोऱ्यांची मुले’ असाच होता. वर्णभेदाचे राज्य तेव्हा ऐन भरात होते. १९५० च्या कायद्याने वस्त्या वेगळ्या केल्या होत्या. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने आफ्रिकी मुलांची शाळा वेगळी आणि मुद्दामच हलकी ठेवली होती. गोऱ्या मुलाच्या शाळेला हिरवळीची चार मैदाने, तर काळ्या मुलाच्या शाळेला धुळीचे एक अंगणही कष्टाने.

काळ्या लोकांना रग्बी ठाऊकच नव्हती, म्हणून ती मुले तेथे नव्हती, असे कोणी म्हणेल तर ते साफ चूक ठरेल. केपच्या पूर्व भागात झोसा समाजात मिशनशाळांच्या द्वारे हा खेळ एकोणिसाव्या शतकातच रुजला होता. केप टाउनच्या मुसलमान आणि मिश्रवंशीय वस्त्यांतून क्लब निघाले होते. गोऱ्यांचे मंडळ १८८९ मध्ये किंबर्ली येथे स्थापन झाले. त्याच किंबर्लीत १८९७ मध्ये गोरेतरांचे स्वतंत्र रग्बी मंडळ उभे राहिले. म्हणजे १९६४ मध्ये ईस्ट लंडनला पहिला सप्ताह भरला तेव्हा त्याच शहराच्या भोवतालच्या वस्त्यांत खेळणारी मुले होती, खेळाची परंपरा होती, खेळावर जीव टाकणारे प्रेक्षक होते. केवळ निवडणाराच्या यादीत त्यांना जागा नव्हती.

पहिल्यांदा ती जागा मिळाली १९८० मध्ये, स्टेलेनबॉशच्या सप्ताहात. मिश्रवंशीय आणि आफ्रिकी मुले प्रथमच त्यात खेळली. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी एका मैदानावर चेंडू खेळावा, एवढ्याशा गोष्टीवरून सत्तारूढ पक्षात वादळ उठले. त्या पक्षाचे ट्रान्सव्हालमधील नेते आंद्रीस ट्रर्निख्त यांनी उघड विरोध केला आणि पंतप्रधान बोथा यांच्याशी त्यांचे जाहीर खटके उडाले. दोन वर्षांनी ट्रर्निख्त यांनी पक्ष सोडून वेगळा पक्ष काढला. त्या फुटीची कारणे मोठी होती, हे खरे. पण शाळकरी मुलांचा एक खेळ त्यात ठिणगीसारखा पडला, हेही विसरता येत नाही.

या ठिकाणी दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. वर्णभेदाला पूर्ण नकार देणाऱ्या खेळाडूंची एक चळवळ १९७३ पासून संघटित झाली होती. विकृत समाजात निकोप खेळ संभवत नाही, अशी हसन होवा आदी तिच्या नेत्यांची भूमिका होती. घरी, शाळेत, आगगाडीत जो आमच्या शेजारी बसत नाही, त्याने आठवडाभर मैदानावर शेजारी उभे केले, याला न्याय म्हणावयाचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणून या चळवळीतल्या शाळांनी सप्ताहाकडे पाठ फिरविली. त्यात त्यांच्या गुणी मुलांचे नुकसान झाले, यात संशय नाही. कित्येकांचे खेळण्याचे वय तसेच निघून गेले. हे नुकसान त्यांनी समजून उमजून सोसले. पुढे १९९२ मध्ये दोन्ही बाजूंची मंडळे एक झाली आणि कायद्याच्या दृष्टीने सर्व मुले एका रांगेत आली.

खरा कठीण प्रश्न येथूनच सुरू होतो. दार उघडले, पण दारापर्यंत येण्याची वाट कोणाला आहे?

प्रांताचा शाळकरी संघ कसा निवडला जातो, ते पाहावे. निवडीसाठी चाचणी सामने ठेवतात. मुलांची नावे शाळा कळवितात. निवड समितीवर बहुधा शाळांतले शिक्षक आणि प्रशिक्षक असतात, आणि त्यांपैकी काहींचे स्वतःचे विद्यार्थी मैदानावर असतात. हे गृहस्थ अप्रामाणिक असतात असे समजण्याचे काही कारण नाही. पण ज्या मुलाला तीन वर्षे रोज संध्याकाळी पाहिले आहे, त्याचा आजचा वाईट खेळ हा ‘एखादा वाईट दिवस’ वाटतो. आणि ज्याला आज प्रथम पाहिले, त्याचा वाईट खेळ हीच त्याची योग्यता वाटते. एका शाळेची जोडगोळी चाचणीत एकत्र उतरली, तर तिला एकमेकांच्या खाणाखुणा ठाऊक असतात. दूरच्या खेड्यातून एकटा आलेला मुलगा अनोळखी गड्यांच्या मध्ये उभा असतो. वीस-पंचवीस मिनिटांत त्याने आपली लायकी सिद्ध करावयाची. त्यासाठी कदाचित पहाटे तीनला उठून तो बसने आलेला असतो.

दुसरी गोष्ट वयाची. शाळकरी रग्बीतील गट वर्षावरून पडतात आणि वर्ष एक जानेवारीला सुरू होते. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. अठराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक फारसा जाणवत नाही. तेराव्या वर्षी तो वीतभर उंचीचा आणि मणभर जोराचा असू शकतो. १९८५ मध्ये कॅनडातील अभ्यासकांनी बर्फावरच्या हॉकीचे खेळाडू तपासले, तेव्हा वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा त्यांना फार मोठा आढळला. त्यानंतर फुटबॉल, रग्बी आदी अनेक खेळांत हीच गोष्ट दिसून आली. याची मीमांसा सरळ आहे. तेराव्या वर्षी थोराड दिसणारा मुलगा निवडला जातो. निवडल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक, चांगला आहार आणि अधिक सामने मिळतात. आणि चौदाव्या वर्षी तो खरोखरच सरस होतो. निवडणारा म्हणतो, माझी पारख खरी ठरली. वस्तुतः त्याची पारख खरी ठरली नाही, त्याने ती खरी करविली.

दक्षिण आफ्रिकेत तेरा वर्षांखालील मुलांचाही सप्ताह भरत आला आहे, सोळा वर्षांखालील मुलांचाही भरतो. सोळा वर्षांखालील सप्ताहाला ग्रँट खोमो या कृष्णवर्णीय खेळाडू-कार्यकर्त्याचे नाव दिले आहे, हे उचितच झाले. परंतु चाळणी जितकी लवकर लावावी, तितके शरीराचे लवकर वाढणे हाच गुण ठरत जातो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडसारख्या ठिकाणी काही शालेय सामन्यांसाठी मुलांचे गट वजनावरून पाडतात, ते याच कारणाने. निवडीचे हे ओझे मुलांच्या मनावर किती बसते, याचे एक दुःखद गमक असे की, क्रेव्हन सप्ताहातील चाचण्यांत उत्तेजक औषधे घेतलेली शाळकरी मुले आढळली आहेत. बारीक चणीच्या मुलाला, तू लहान पडतोस, असे वारंवार सांगितले म्हणजे तो औषधाच्या दुकानाची वाट धरतो.

आणि बारीक चण ही खरोखर उणीव असते काय? चेस्लिन कोल्बे या खेळाडूची उंची अवघी पाच फूट सात-आठ इंच. त्याच्या बांध्याविषयी मायदेशात दीर्घकाळ शंका घेतली गेली. तो फ्रान्समध्ये जाऊन खेळला आणि नावारूपास आला. २०१८ मध्ये त्याला राष्ट्रीय संघात घेतले आणि पुढल्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ट्राय केला.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट शाळेची. ब्लुमफाँटेनचे ग्रे कॉलेज, स्टेलेनबॉशची पॉल रूस शाळा, पार्लच्या दोन जुन्या शाळा अशा मोजक्या संस्थांतून पिढ्यान् पिढ्या राष्ट्रीय खेळाडू निघत आले. तेथे मैदाने आहेत, वसतिगृहे आहेत, पोटभर अन्न आहे, पगारी प्रशिक्षक आहेत. त्या शाळांनी खेळाची सेवा केली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यामुळे निवडणाऱ्यांना सवय अशी लागते की, मुलगा पाहण्यापूर्वी त्याच्या अंगरख्यावरचे शाळेचे चिन्ह पाहावे.

हे सारे ध्यानात घेऊन दक्षिण आफ्रिकेत शाळकरी प्रांतिक संघांसाठी, संघात गोरेतर मुले ठराविक संख्येने असलीच पाहिजेत, असा नियम करण्यात आला. त्यावर तेथे वर्षानुवर्षे कडाक्याचा वाद चालला आहे. मराठी श्रोत्याला हा वाद समजावून सांगण्याची गरज नाही. राखीव जागा आणि गुणवत्ता या दोन शब्दांभोवतीची आपल्याकडची सारी चर्चा त्यात जशीच्या तशी ऐकू येते.

एक पक्ष म्हणतो, संघ हा गुणांवर निवडावा. संख्येने निवडलेल्या मुलाच्या कपाळी आयुष्यभर शिक्का बसतो. आणि ज्याची जागा गेली त्या गोऱ्या मुलाने वर्णभेदाचे कायदे केले नव्हते, तो त्या वेळी जन्मलाही नव्हता. हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. सतरा वर्षांच्या मुलाला इतिहासाचा हिशेब चुकता करावयास लावणे हे कठोरच आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, गुण म्हणजे काय हे आजवर ज्यांनी ठरविले, त्यांची दृष्टी आपोआप वळली नाही. १९९५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेल्सन मंडेला हिरवा अंगरखा घालून मैदानात आले आणि सारे जग हेलावले. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या पंधरा जणांत गोरेतर एकच होता, चेस्टर विल्यम्स. बारा वर्षांनी, २००७ च्या अंतिम सामन्यात, आरंभीच्या पंधरांत दोन होते. २०१६ मध्ये तर या संथपणाला कंटाळून सरकारने रग्बी मंडळाला जागतिक स्पर्धांचे यजमानपद मागण्यास काही काळ मनाई केली. २०१९ च्या अंतिम सामन्यात ही संख्या सहा झाली, आणि त्या संघाने इंग्लंडचा ३२-१२ असा पराभव करून विश्वचषक जिंकला. संख्येचा आग्रह धरल्याने खेळ खालावतो, हे भाकीत त्या दिवशी तरी खोटे ठरले.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोघेही ज्या जागी उभे राहून भांडतात, ती जागा निवड समितीच्या टेबलाची आहे. त्या टेबलाशी येईपर्यंत बरेचसे ठरून गेलेले असते. संख्येचा नियम आला, तेव्हा मोठ्या शाळांनी काय केले? त्यांनी काळ्या वस्त्यांतील हुशार मुले हेरली, शिष्यवृत्त्या देऊन आपल्याकडे आणली आणि त्यांना घडविले. त्या मुलांचे कल्याण झाले. प्रांताच्या यादीतली संख्या पुरी झाली. पण ज्या शाळेतून तो मुलगा उचलला, त्या शाळेचे मैदान होते तसेच धुळीचे राहिले. उलट तिचा होता तो एक चांगला गडीही गेला.

या बाबतीत सिया कोलिसी याची साक्ष महत्त्वाची आहे. १९९१ च्या १६ जूनला तो पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे वस्तीत जन्मला. दुसऱ्याच दिवशी, १७ जूनला, माणसांची वर्णवार नोंद करणारा कायदा रद्द झाला. आजीने त्याला वाढविले. घरात पोटभर खाण्याची भ्रांत. निवडीच्या एका चाचणीला तो खेळाची विजार नसल्यामुळे आतल्या आखूड चड्डीवरच उतरला होता. बाराव्या वर्षी एका स्पर्धेत त्याचा खेळ एका शाळेच्या शिक्षकाच्या नजरेस पडला आणि ग्रे या नामांकित शाळेत त्याला शिष्यवृत्ती मिळाली. पुढे तो क्रेव्हन सप्ताहात खेळला, राष्ट्रीय संघात आला, २०१८ मध्ये त्या संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला, आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघाने २०१९ व २०२३ असे दोनदा विश्वचषक जिंकले.

असा हा कोलिसी २०१९ च्या आरंभी एका जपानी वृत्तसंस्थेला मुलाखत देताना म्हणाला की, ठराविक संख्येची पद्धत मंडेलांना रुचली असती असे वाटत नाही. बदल घडवावयाचा तर तो वस्त्यांतून आणि खेड्यांतून घडविला पाहिजे. आपण त्या शाळेत गेलो नसतो तर नीट जेवलो नसतो, नीट वाढलो नसतो, अशी त्याच्या म्हणण्याची मेख होती. त्याच्यावर मायदेशात टीकाही पुष्कळ झाली. परंतु त्याच्या बोलण्यातले ‘जेवण’ हे पद नीट ऐकले पाहिजे. पंधराव्या वर्षी निवड समिती ज्याला ‘अंगलट’ म्हणते, ती दहाव्या वर्षीच्या ताटात ठरलेली असते.

दुसरी साक्ष माकाझोले मापिम्पी याची. तोही पूर्व केपचाच. ईस्ट लंडनजवळच्या त्शोलोम्न्क्वा या खेडवळ भागातला. लहान वयातच घरची जवळची माणसे एकेक करून गेली. शाळेची वाट मैलोगणती पायी चालावयाची. त्याच्या शाळेकडे कोणी वही घेऊन फिरकले नाही. मोठ्या शाळेची शिष्यवृत्ती नाही, मोठ्या शाळेचे नाव पाठीशी नाही. गावच्या मैदानावरून तो प्रौढांच्या प्रांतिक संघात शिरला आणि राष्ट्रीय संघात आला तेव्हा त्याची सत्तावीस वर्षे पूर्ण झाली होती. २०१९ च्या अंतिम सामन्यात योकोहामाच्या मैदानावर त्याने ट्राय केला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूने केलेला तो पहिला ट्राय. १९९५ आणि २००७ चे अंतिम सामने त्या देशाने जिंकले होते, पण त्यांत त्याला एकही ट्राय मिळाला नव्हता.

एकाच प्रांताचे हे दोन मुलगे. एकाला बाराव्या वर्षी एका शिक्षकाने पाहिले. दुसऱ्याला त्या वयात कोणीच पाहिले नाही. पहिला योगायोगाने सापडला आणि दुसरा चिवटपणाने उरला. न्याय्य पद्धती तिला म्हणावे, जिला योगायोगाचीही गरज लागत नाही आणि अलौकिक चिवटपणाचीही लागत नाही.

अशी पद्धती माणसाच्या हातून पूर्णत्वास जाणे नाही. पण तिच्याकडे चार पावले टाकता येतात. निवडीची कसोटी आधी जाहीर करावी. कोणत्या जागेसाठी काय पाहिले जाणार, हे प्रत्येक शाळेला, मोठ्या आणि लहान, सारखेच कळावे. ज्या निवडकर्त्याच्या शाळेचा मुलगा विचाराधीन असेल, त्याने तेवढ्यापुरते उठून बाहेर जावे. एका दुपारच्या खेळावर मुलाचे वर्ष ठरवू नये. त्याला दोनदा, तीनदा, निरनिराळ्या गड्यांबरोबर पाहावे. यादी करताना मुलाच्या नावापुढे त्याचा जन्ममहिनाही लिहिलेला असावा, म्हणजे आपण गुण निवडतो आहोत की नुसते मोठे महिने, हे निवडणाराला कळेल. चाचणीच्या मैदानापर्यंत येण्याचे भाडे आणि त्या दिवसाचे जेवण प्रांताने द्यावे. जो राहिला त्याला, का राहिला, हे कोणीतरी शांतपणे सांगावे. आणि अठराव्या वर्षी दार बंद करू नये. उशिरा वाढणाऱ्यासाठी, उशिरा दिसणाऱ्यासाठी दुसरे दार असावे.

मग संख्येच्या नियमाचे काय? कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे उदाहरण येथे आठवते. १९०२ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच सुमारास आणि त्यानंतरही त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास साह्य केले. जागा राखली, आणि त्या जागेपर्यंत मुलगा चालत यावा म्हणून वाटेत त्याच्या जेवणाची आणि निजण्याची सोयही पाहिली. नुसती राखलेली जागा रिकामी राहते किंवा भलत्याच्याच हाती जाते. नुसते वसतिगृह असून जागा नसली, तर शिकलेला मुलगा दारात ताटकळतो. रग्बीच्या निवडीत संख्येचा नियम हा निवडणाराच्या जुन्या सवयीवर ठेवलेला पहारा आहे. तो काही काळ अवश्य आहे. पण झ्वीडेच्या आणि त्शोलोम्न्क्वाच्या शाळेत मैदान, प्रशिक्षक आणि दुपारचे जेवण पोचले नाही, तर पहारा उठण्याचा दिवस कधी उगवणार नाही, आणि संघात आलेल्या प्रत्येक काळ्या मुलाला आपण संख्येने आलो की गुणाने, या प्रश्नाचे उत्तर देत बसावे लागेल.

क्रेव्हन सप्ताहासाठी पुन्हा याद्या लागतील. काही मुलांची नावे वाचली जातील, काहींची वाचली जाणार नाहीत. नाव न आलेल्या मुलाला वाईट वाटेलच. ते टाळता येत नाही आणि टाळूही नये, कारण पंधरा म्हणजे पंधराच. परंतु तो घरी परतताना, आपल्याला नीट पाहिले, आपल्यापेक्षा आज दुसरा सरस होता, असे त्याला मनापासून म्हणता आले पाहिजे. निवड समितीने यादीवर सही करताना त्या मुलाचा हा परतीचा रस्ता डोळ्यांपुढे ठेवावा.